जुन्या स्पोर्ट्स कारला पुन्हा रंग द्यावा का, आणि द्यायचा तर कसा

एमजी, ट्रायम्फ स्पिटफायर, जुनी जग्वार किंवा आपल्या कोल्हापूरशेजारच्या गोव्यात तयार झालेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म, गाडी कुठलीही असो, रंग फिका पडला आणि चार ठिकाणी खरचटला की "एकदा पूर्ण रंगवून घ्या" असा सल्ला मिळतोच. हा सल्ला लगेच मानू नका. पत्रा धड असेल आणि कारखान्यातला मूळ रंग बराचसा टिकून असेल तर तो ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंजिनचे भाग मिळतात, सीटचं कातडं नवं शिवता येतं, क्रोम परत चढवता येतं. कारखान्यात बसलेला रंग एकदा घासून काढला की पुन्हा आणता येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक त्याच रंगाचे पैसे मोजतं. पण आतून गंज फुगत असेल, आधीच्या कुणीतरी सिंथेटिक एनॅमलचे थर चढवले असतील, पत्र्यावर इंचभर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) थापली असेल, तर रंग राखण्यात अर्थ नाही. असा रंग गंज लपवतो आणि गंज गाडी आतून खात राहतो.

आधी तपासणी

गाडी साध्या शाम्पूने धुऊन पूर्ण वाळू द्या. सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करून प्रत्येक पॅनेलकडे बाजूने बघा. लाटा, सँडपेपरचे ओरखडे, दोन पॅनेलमधला रंगाचा फरक, सगळं त्या उजेडात दिसतं. मग रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्या आणि प्रत्येक पॅनेलवर किमान आठ-दहा ठिकाणी टेकवून आकडे कागदावर उतरवा. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. २०० ते ३०० दिसले तर एकदा तरी पुन्हा रंग झालेला आहे. ५००च्या पुढे गेलं की खाली लांबी आहे असं धरून चाला, आणि १००० ओलांडलं तर तिथे पत्रा ठोकलेला किंवा सडलेला असणार.

मीटर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हीवर चालणारं हवं. एमजीएचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेटही. जग्वार एक्सके १२०च्या अगदी पहिल्या गाड्यांची अख्खी बॉडीच ॲल्युमिनियमची होती. अशा पॅनेलवर लोहचुंबक चिकटत नाही म्हणून "इथे लांबी भरलीय" असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, तो चुकीचा आहे. फायबरच्या बॉडीवर हे मीटर काहीच सांगत नाही. तिथे जेलकोटमधल्या (फायबरवरच्या गुळगुळीत वरच्या थरातल्या) बारीक तडा आणि जुन्या दुरुस्तीच्या जागा डोळ्यांनी आणि बोटांनीच शोधाव्या लागतात.

गंजाची तपासणी खालून सुरू करा. एमजीबी आणि स्पिटफायरमध्ये दरवाजाखालच्या सिल, पुढच्या चाकामागचा फेंडरचा खालचा कोपरा, मागच्या चाकाच्या कमानी आणि डिकीचा तळ या पहिल्या जागा. गालिचे उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. घट्ट पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. पाणी निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करून काय बाहेर येतं ते बघा. २०१९ किंवा २०२१च्या महापुरात गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर सिलच्या आत पंचगंगेचा गाळ अजून बसलेला असतो. तो ओल धरून ठेवतो आणि बाहेर नवा रंग कितीही चांगला असला तरी आतून पत्रा खातो. अशा गाडीची सिल उघडल्याशिवाय रंगाचं बोलूच नका.

रंगावर फुगे असतील तर एक फोडून बघा. खाली तांबूस पूड निघाली तर गंज आतून आलाय. खाली स्वच्छ पत्रा किंवा प्रायमर असेल तर जुन्या कामात ओल किंवा तेल अडकलं होतं.

आता रंगाचा प्रकार. डिकीच्या आत, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या कापडावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन अर्धा मिनिट चोळा. रंग विरघळून कापडावर आला तर तो एनसी, म्हणजे आपण ज्याला ड्युको म्हणतो तो. रंगाला सुरकुत्या पडल्या तर सिंथेटिक एनॅमल. काहीच झालं नाही तर दोन घटकांचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन). ही चाचणी फार महत्त्वाची आहे, कारण एनसी किंवा सिंथेटिकवर सरळ पीयू मारला की त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि अख्खं पॅनेल सुरकुततं. मग सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं.

मूळ एनसी असेल आणि मीटरवर ८०च्या वर आकडा असेल, तर आधी एका दरवाजावर फूटभर जागेत बारीक कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) हाताने फिरवून बघा. कापडाला रंग लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वरचा जळलेला थर निघतोय. खालून खोल रंग वर येत असेल तर पूर्ण गाडी अशीच करा आणि फक्त गेलेल्या जागा रंगवून घ्या. आकडा ७०-८०च्या खाली असेल तर मशीन लावू नका. कडांवर आणि उभारलेल्या रेषांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे आधी टेप लावा. एखादं फेंडर नवं करायचं असेल तर शेजारच्या पॅनेलमध्ये रंग विरवता येतो का हे पेंटरला विचारा. जुन्या फिक्या रंगाशी नवा जुळवणं हे मोठं कौशल्य आहे आणि ते सगळ्यांकडे नसतं.

कोणता रंग, कोणत्या प्रकारचा

गाडी मूळ कोणत्या रंगाची होती हे डॅशबोर्डच्या मागे, दरवाजाच्या आतल्या पॅनेलखाली, डिकीच्या रबराखाली सापडतं. एमजीए, एमजीबी, ट्रायम्फसाठी इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून चॅसी नंबरवरून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं, जग्वारसाठी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून. त्यावर कारखान्यातून निघतानाचा रंग लिहिलेला असतो. शेड जुळवायला रंगाच्या दुकानात संगणकावर मोजून देतात. मोजायला उन्हाने फिकी न पडलेली जागा द्या आणि ती आधी पॉलिश करून द्या, नाहीतर मशीन धूळच मोजतं. संगणकाच्या फॉर्म्युल्यावर थेट पाच लिटर मिसळून घेऊ नका. आधी थोडा मिसळून पत्र्याच्या तुकड्यावर मारा, वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात ताडून बघा.

प्रकाराबद्दल आमची शिफारस अशी. साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या शेडसाठी एकाच थरात चमक देणारा पीयू सॉलिड रंग घ्या. बेसकोटवर (रंगाच्या थरावर) क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर मारला की चमक काचेसारखी येते आणि १९६०च्या गाडीवर ती उपरी दिसते. शिवाय सॉलिड पीयूवर ओरखडा आला तर पॉलिशने काढता येतो. एनसी अगदी अस्सल दिसतो, पण सहा ते आठ पातळ कोट, महिनोन्महिने आकसत राहणं आणि वरचेवर पॉलिश, हे सगळं पत्करावं लागतं. स्पर्धेत किंवा प्रदर्शनात अस्सलपणा तपासला जाणार असेल तरच त्याच्या वाटेला जा. मेटॅलिक असेल तर बेस आणि क्लिअरला पर्याय नाही.

रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओचं बघा. आरसी बुकात रंगाची नोंद असते, वेगळ्या रंगाची गाडी त्याच नोंदीवर चालवणं नियमात बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीही तिथेच बोट ठेवते. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद आली. त्यासाठी गाडी मूळ रूपात राखलेली असावी लागते. ती नोंदणी डोळ्यांपुढे असेल तर मूळ शेड सोडू नका आणि काम सुरू करण्यापूर्वी, चालू असताना आणि झाल्यावर प्रत्येक बाजूचे फोटो तारखेसह ठेवा.

कोल्हापुरातला हंगाम आणि जागा

आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत उघडा पत्रा आणि रंग दोन्ही टाळा. हवा ओली असताना एनसी मारला की थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर दव बसतं आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. पीयूच्या हार्डनरची तर पाण्याशी थेट प्रतिक्रिया होते, त्यातून बारीक बुडबुडे आणि टाचणीएवढी भोकं उरतात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त, हे दोन आकडे पाळा. दोन्ही मोजायची साधनं स्वस्त आहेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्रा गार असतो, म्हणून फवारणी अकराच्या पुढे सुरू करून चारच्या आत संपवावी. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि वळीव दोन्ही सांभाळावे लागतात. तेव्हा मारायचंच असेल तर सावकाश वाळणारा हार्डनर आणि थिनर घ्या, नाहीतर रंग पत्र्यावर पसरण्याआधीच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो.

कोरडा हंगाम हाच साखर कारखान्यांचाही हंगाम असतो. बगॅसची (उसाच्या चोथ्याची) आणि जाळलेल्या पाल्याची काजळी मैलोन्मैल उडते आणि ओल्या रंगावर काळे ठिपके सोडते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फाउंड्री आणि मशीन शॉपमधले लोखंडाचे बारीक कण हवेत असतात. ते रंगात रुतले की काही आठवड्यांनी तांबूस ठिपके उमटतात. म्हणून अंगणात किंवा उघड्या शेडमध्ये रंग मारून घेऊ नका. फिल्टर लावलेलं बंद बूथ असलेलं गॅरेज शोधा. बूथ बघायला जाल तेव्हा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा, कंप्रेसरच्या लाइनवर पाणी आणि तेल अडवणारे सेपरेटर आहेत का बघा, आणि सहा महिन्यांपूर्वी रंगवलेली एखादी गाडी दाखवायला सांगा. ताजं काम सगळ्यांचंच चमकतं.

जुना रंग काढणं आणि पत्र्याचं काम

आपल्या शहरात शॉट ब्लास्टिंग गल्लोगल्ली मिळतं आणि तोच मोठा मोह आहे. कास्टिंग साफ करणारी ती मशीन पोलादी छर्रे जोरात मारतात. या गाड्यांचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्यांनी तो ताणला जातो, फुगतो, आणि बॉनेटला आलेली लाट पुन्हा बसवणं जवळपास अशक्य असतं. चॅसी, सस्पेन्शनचे आर्म, ब्रॅकेट तिथे खुशाल द्या. दरवाजे, बॉनेट, फेंडर, डिकी यांना नाही.

पॅनेलसाठी रासायनिक रिमूव्हर किंवा ८० नंबरच्या डिस्कसह गोल फिरणारं सँडर वापरा. रिमूव्हर सांध्यांत आणि दुमडलेल्या कडांत जाऊ देऊ नका, तो तिथे लपून बसतो आणि वर्षभराने रंगाखालून फुगा काढतो. सांध्यापासून इंचभर अंतर सोडून लावा आणि उरलेलं हाताने घासा. नंतर पॅनेल नीट धुऊन लगेच वाळवा. फायबरवर रिमूव्हर लावूच नका, तो जेलकोट खातो. जुन्या गाड्यांत कारखान्यातच सांध्यांवर शिसं-कथिलाचं मिश्रण भरलेलं असतं. ते साधारण १८० अंशांना मऊ पडू लागतं, म्हणून असे भाग पावडर कोटिंगच्या भट्टीत घालू नका. ते घासतानाची धूळ विषारी असते, तेव्हा कोरडं ग्राइंडिंग टाळा.

एमजी टीसी, टीडीसारख्या गाड्यांत पत्र्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा असतो. तो मोकळा झाला असेल तर दरवाजे लोंबतात. सुताराचं काम रंगाच्या आधी उरका, आणि अशी बॉडी गरम बूथमध्ये तासन्‌तास ठेवू नका.

सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. वर पट्टी ठेवून वेल्ड मारणं म्हणजे मधे ओल साठायला कप्पा करणं. वेल्डिंग मिग किंवा टिगने, एका जागी सलग न ओढता थोडं थोडं अंतर सोडून ठिपके देत, म्हणजे पत्रा वाकत नाही. एमजीबीत सिल हा गाडीचा आधार आहे. दरवाजाच्या चौकटीत आडवा रॉड बांधल्याशिवाय सिल कापली तर बॉडी खचते आणि दरवाजा पुन्हा बसत नाही. एका बाजूचं पूर्ण करूनच दुसरी बाजू कापा.

प्रायमरच्या आधी सगळे दरवाजे, बॉनेट, डिकी, दिवे, पट्ट्या एकदा बसवून फटी जुळवून घ्या. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून वगळलं जातं आणि नंतर रंगवलेला दरवाजा फेंडरला घासतो.

प्रायमर, लांबी, सरफेसर

उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरने झाका. हवा दमट असेल तर तासा-दोन तासांत. साफ केलेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, घामाचा ठसा गंज आणतो. मेण-तेल काढणारं द्रावण एका कापडाने लावा आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. टायर किंवा डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे त्या शेडच्या आसपासही नकोत. त्याचा अंश राहिला तर रंगात गोल खड्डे पडतात आणि वरून कितीही कोट मारले तरी भरत नाहीत.

लांबी इपॉक्सीवर भरायची, जास्तीत जास्त २ ते ३ मिलिमीटर. त्यापेक्षा खोल खड्डा असेल तर तो ठोकून वर आणायचा. हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के. जास्त घातला तर नंतर रंगातून पिवळट डाग वर येतो, कमी घातला तर लांबी मऊ राहते. लांब लाकडी ब्लॉकवर ८०, मग १२०, मग १८० नंबर पेपरने घासा. नुसत्या बोटांनी घासलं की चर पडतात. लांबी पाण्याने घासू नका, ती पाणी शोषते.

मग पीयू सरफेसरचे (घासून सपाट करायच्या जाड प्रायमरचे) दोन-तीन भरपूर कोट, मधे १० ते १५ मिनिटं थांबून. त्यावर काळ्या रंगाची हलकी धूळ उडवा आणि ब्लॉकने घासा. काळं उरलं तिथे खड्डा, सरफेसर लवकर उघडा पडला तिथे उंचवटा. सॉलिड रंगासाठी ६०० नंबर ओला पेपर पुरतो, मेटॅलिकसाठी ८००. पेंटर गडबड करतो ती नेमकी यानंतर. सरफेसरला दोन-तीन आठवडे आकसायला द्या आणि पुन्हा एकदा हलकं घासा. लगेच रंग मारला तर सहा महिन्यांनी उन्हात लांबीच्या कडा आणि पेपरचे ओरखडे नकाशासारखे उमटतात.

फवारणी

एमजीबीएवढ्या दोन सीटच्या गाडीला, आतल्या कडा आणि इंजिन खण धरून, मारायला तयार असा साधारण ३ लिटर इपॉक्सी, ४ ते ५ लिटर सरफेसर आणि ४ ते ५ लिटर सॉलिड पीयू रंग लागतो. बेस-क्लिअर पद्धतीत क्लिअर ३ ते ४ लिटर वेगळं. हार्डनर आणि थिनरचं प्रमाण डब्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे, मापाच्या भांड्यात. क्लिअर बहुधा दोनास एक असतो, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं. प्रायमरपासून वरच्या कोटापर्यंत एकाच कंपनीची मालिका वापरा. लाल आणि पिवळ्या शेड खालचा रंग नीट झाकत नाहीत, म्हणून खालचा प्रायमर एकाच शेडचा असू द्या, नाहीतर पट्टे दिसतात.

सरफेसरसाठी १.६ ते १.८ मिलिमीटरचं नोझल, रंगासाठी १.३ किंवा १.४. गनला साधारण २ बार हवा, पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर, हात पत्र्याला समांतर, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा. पहिला कोट हलका, पुढचे दोन ओले, मधे प्रत्येकी १० ते १५ मिनिटं. घाईत जाड कोट मारला की रंग ओघळतो, आणि वरचा थर आधी सुकून आत थिनर अडकतो. सॉलिड रंगात दरवाजे-बॉनेट सुटे रंगवता येतात. मेटॅलिकमध्ये सगळी पॅनेल एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून आणि गाडीवर असतात तशीच उभी-आडवी धरून मारा, नाहीतर दाणा वेगळा बसतो आणि दरवाजा दुसऱ्याच शेडचा दिसतो.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा त्रास एकदा सुरू झाला की आयुष्यभराचा दमा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून हे काम करू नये आणि कुणाकडून करून घेऊ नये. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंगभर सूट. ही सोय नसलेल्या ठिकाणी काम देऊच नका.

रंग झाल्यावर

धुळीचे कण आणि हलके ओघळ रंग पूर्ण कडक झाल्यावर काढायचे. पीयूसाठी डब्यावर दिलेला वेळ पाळा, एनसीसाठी काही आठवडे थांबा. १५०० आणि २००० नंबर ओल्या पेपरने, मग कंपाउंडने. कडांना हात लावू नका. पहिले दोन महिने मेण किंवा कोटिंग नको, आत राहिलेला थिनर बाहेर पडू द्या. महिनाभर गाडीवर कव्हरही नको. प्लॅस्टिकचं कव्हर तर कधीच नको, आपल्या पावसात त्याच्या आत ओल कोंडते. सिल आणि दरवाजांच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारा, पण निचऱ्याची भोकं बुजत नाहीत ना ते बघून.

हार्डनर न मिसळलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, शेड, फॉर्म्युला, कंपनी आणि तारीख लिहून ठेवून घ्या. उघडलेला हार्डनर मात्र जपून ठेवण्यात अर्थ नाही, तो हवेतली ओल खाऊन खराब होतो. पुढच्या वेळी नवा आणा.